कर्करोगाच्या उपचारकाळातील व्यायाम

केमोथेरपी, रेडिएशन किंवा शस्त्रक्रियेच्या काळात रुग्णाने डॉक्टरांना विचारून, झेपेल तेवढा केलेला नियमित व्यायाम. तो औषधाची जागा घेत नाही. औषध सोसायचे बळ देतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात कर्करोग म्हटला की घरचे आधी अंथरूण घालतात. “गप पडून ऱ्हा की,” हे मायेनेच म्हटलेले असते, पण त्याने नुकसान होते. पडून राहिल्याने स्नायू झिजतात. केमोचा थकवा तर झोपून जातच नाही. तो चालण्याने कमी होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये आठवड्यातून ३ दिवस ३० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि २ दिवस ताकदीचा व्यायाम सुचवला. मध्यम गती म्हणजे चालताना बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये. बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जाता येत नसेल तर अंगणात दहा-दहा मिनिटांच्या तीन फेऱ्याही चालतात.

ताप असेल, चक्कर येत असेल किंवा प्लेटलेट फार उतरल्या असतील तर थांबावे. हाडात आजार पसरला असल्यास वजन उचलण्याआधी विचारावे.

निपाणीचा पट्टा तंबाखूचा. तंबाखू, गुटखा आणि बायकांची मिश्री यांमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगात जबड्याचा व्यायाम फार मोलाचा. रेडिएशननंतर जबडा आखडतो. तीन बोटे मावणाऱ्या तोंडात एकही शिरत नाही, भाकरीचा घास दूरच. म्हणून दातांमध्ये आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून बसवतात आणि झेपेल तशी एकेक वाढवतात. मानेतल्या गाठी काढल्यावर खांदा पडतो. त्यासाठी भिंतीवर बोटे चढवत नेऊन, पोचली तिथे पेन्सिलीची खूण करतात. हात डोक्यापर्यंत गेला की वेणी पुन्हा आपली आपल्याला घालता येते.

स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला सूज आलेल्या बाईला “घागर उचलू नकोस” असे सांगायची जुनी रीत आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अशा १४१ स्त्रियांच्या अमेरिकी अभ्यासात हळूहळू वाढवलेल्या वजनांनी सूज वाढली नाही. ती बळावण्याचे प्रसंग उलट कमी झाले. मात्र त्या स्त्रियांनी वजने उचलताना हातावर दाबबाही (हात घट्ट आवळून धरणारी बाही) चढवली होती, आणि सुरुवात शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनाने केली होती.