पार्श्वभूमी: बायकांच्या पायाचा स्की-टूरिंग बूट

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या काही मुली आता मनाली, गुलमर्गला जाऊन स्कीइंगचा प्राथमिक कोर्स करून येतात. बर्फाच्या गोष्टी या भागाला नव्या नाहीत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच आहे, आणि गुलमर्गला सैन्याची स्की शाळा १९४८ पासून आहे. सुट्टीवर आलेल्या जवानाकडून काश्मीरच्या हिवाळ्याचे वर्णन ऐकलेली घरे इथे गल्लोगल्ली सापडतील. पण जवानाला बूट सरकारी भांडारातून मिळायचा. स्वतःच्या पैशाने टूरिंगचा बूट घ्यायचा म्हटले की मुलींचा पहिला प्रश्न असतो, "लेडीज मॉडेलच घ्यायचं ना?" होय म्हणण्याआधी हे मॉडेल आले कुठून ते पाहायला हवे.

नेहमीच्या अल्पाइन स्कीइंगमध्ये लिफ्टने वर जायचे आणि घसरत खाली यायचे. टूरिंगमध्ये स्कीच्या तळाला केसाळ पट्टी, म्हणजे स्किन, चिकटवून डोंगर आपल्या पायांनी चढायचा असतो. चढताना टाच मोकळी, उतरताना बांधलेली. म्हणजे एकाच बुटाने चढणीला घोटा मोकळा सोडायचा आणि उतरणीला नडगी घट्ट धरायची. या दोन परस्परविरोधी मागण्यांतूनच या बुटाचा सगळा इतिहास घडला आहे.

१८९७ मध्ये विल्हेल्म पाउल्के आणि त्याच्या सोबत्यांनी स्वित्झर्लंडचा बर्नीज ओबरलँड स्कीवरून पार केला, तेव्हा पायात चामड्याचे बूट होते. डोंगर चढायचे आणि स्कीचे बूट त्या काळी फारसे वेगळे नव्हते. बायका स्की करत होत्याच. १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीइंग पहिल्यांदा आले ते पुरुष आणि महिला दोघांसाठी. १९५५ मध्ये हेन्के या स्विस कंपनीने नाडीच्या जागी बकल आणले. बूट घालणे सोपे झाले, पण चामडे तेच राहिले.

खरा बदल १९६० च्या दशकात झाला. अमेरिकेत बॉब लँग यांनी प्लास्टिकचा बूट बाजारात आणला आणि काही वर्षांतच चामडे मागे पडले. बायकांच्या पायाची गैरसोय माझ्या मते इथूनच पक्की झाली. आपल्याकडे अथणी-निपाणीच्या चपला वापरणाऱ्या कुणालाही हे चटकन कळेल: बाभळीच्या सालीत कमावलेले चामडे सुरुवातीला चावते, मग पायाचा आकार घेते. प्लास्टिकचे कवच तसे करत नाही. साचा चुकला की बूट शेवटपर्यंत चुकलेलाच. आणि साचे धातूचे, महाग, प्रत्येक मापाला वेगळे. त्यामुळे बरीच वर्षे पुरुषाच्या पायावर बेतलेला बूटच लहान मापात, नरम प्लास्टिकमध्ये आणि वेगळ्या रंगात बायकांना विकला गेला.

टूरिंगचे बूट हलके होण्यामागे ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांचे डोके आहे. १९८० च्या दशकात त्यांनी असे बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, केले, ज्याच्या दोन पिना बुटाच्या चवड्याशी असलेल्या धातूच्या खाचांत बसतात. डायनाफिटने ते पुढे नेले; पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्याही त्यात उतरल्या. वजन उतरत गेले. आज रोजच्या टूरिंगचा एक बूट साधारण एक ते दीड किलोचा असतो, शर्यतीचा त्याहून कितीतरी हलका.

बायकांसाठी वेगळा साचा त्यानंतर हळूहळू रुजला. पोटरीचा स्नायू बायकांमध्ये बहुधा खालपर्यंत उतरतो, म्हणून बुटाची वरची कॉलर ठेंगणी आणि वर थोडी फाकलेली करतात. टाचेची जागा अरुंद ठेवतात, आतला लायनर अधिक उबदार देतात. सुधारणा खऱ्या आहेत आणि पोटरी दाबली जाणाऱ्या मुलीला पहिल्याच दिवशी जाणवतात.

पण 'बायकांचा पाय' म्हणून धरलेला तो पाय बंद बुटात वाढलेला असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील कायम अनवाणी चालणाऱ्यांचे पाय बुटाची सवय असलेल्यांपेक्षा पुढून रुंद आढळले. घरात अनवाणी आणि बाहेर चपलेत वाढलेल्या आपल्या मुलींचाही पंजा पसरट असू शकतो. अशा मुलीला पुरुषांचे किंवा युनिसेक्स मॉडेल छोट्या मापात बरे बसले, तर तेच घ्यावे. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट पोटरी जाड आणि पंजा अरुंद असेल, तर लेडीज मॉडेल शोधावेच.

माप मोंडोपॉइंटमध्ये असते, म्हणजे पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, भिंतीला टाच लावून मोजा, दोन्ही पाय. २३ आणि २३.५ चे कवच बहुतेक कंपन्यांत एकच असते, म्हणून अर्ध्या मापावर फार भरवसा ठेवू नका. कॅटलॉगातली रुंदी सहसा २६.५ सारख्या मोठ्या मापावर मोजलेली असते. त्यात १०० मिलिमीटर लिहिले असले तरी २३ मध्ये तो बूट त्याहून अरुंद निघतो. दुकानात लायनर काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटे पुढे टेकवा. टाचेमागे दीड सेंटिमीटरच्या आसपास जागा टूरिंगला ठीक. फार सैल असेल तर उतरणीला स्की ऐकत नाही, आणि टाच उचलून उचलून फोड येतात ते चढणीला. लायनर तापवून पायावर बसवता येतो, कवचही थोडे फुगवता येते, पण लांबी वाढवणे अवघड. फ्लेक्सचे, म्हणजे बूट पुढे वाकायला किती ताठ आहे त्याचे, आकडे मात्र दोन कंपन्यांचे ताडून पाहू नका. त्यांना समान प्रमाण नाही.

२०२१ मध्ये स्की माउंटेनिअरिंगला, म्हणजे टूरिंगच्या शर्यतीला, २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये जागा मिळाली, तेव्हापासून शर्यतीच्या अतिहलक्या बुटांचे आकर्षण वाढले आहे. पहिल्या बुटासाठी ते नकोत. उतरणीला आधार कमी पडतो. आणि पाय २२ पेक्षा लहान असेल तर बायकांची बरीच मॉडेल तिथे सुरूच होत नाहीत. मग मुलांच्या मापात पाहावे लागते. तिथे पिनांच्या खाचा आहेत की नाहीत, हे पैसे देण्याआधी तपासा.