मास्तरची टेस्ट कोण घेणार? लायसनच्या परीक्षेमागची जुनी गोष्ट

मागच्या उन्हाळ्यात भाचीचं लर्निंग काढायचं होतं. आता ते घरबसल्या निघतं, २०२१ पासून आधारवर सोय झालीये, त्यामुळे पोरगी मोबाइल घेऊन सोफ्यावर बसून सराव परीक्षा देत होती, १५ प्रश्न आणि त्यातले नऊ बरोबर आले की पास. तेवढ्यात शेजारचे मास्तर चहाला आले. मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे, पंचवीसेक वर्षं शिकवतायत, आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचा क्लच त्यांच्याच हाताखाली सुटलाय. भाची सहज म्हणाली, "मास्तर, तुम्ही द्या की एकदा." दिली त्यांनी. सात बरोबर.

गोल चौकात आधी कोणाला जाऊ द्यायचं या प्रश्नावर ते बिनधास्त म्हणाले, "मोठ्या गाडीला, अजून कोणाला." उत्तर होतं उजवीकडून येणाऱ्याला. आता आमच्या सोलापुरात सात रस्ता चौकात संध्याकाळी सहाला उभं राहून बघा, मास्तरांचं उत्तर चूक म्हणायला जीभ रेटत नाही. पण पेपरात नापास ते नापासच. भाची हसली, मास्तर पण हसले, मग जरा गप्प झाले आणि म्हणाले, "आम्हाला परत कोण विचारलंय कधी?"

तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला आणि मी जुनं जुनं वाचत बसलो. जो शिकवतो आणि जो पास-नापास करतो, त्यानं स्वतः शिकाऊ माणसाच्या टेस्टला उतरायला पाहिजे की नको, हा वाद वाटतो तितका नवा नाहीये, लायसनच्या परीक्षेइतकाच जुना आहे.

आपल्याकडची पद्धत इंग्रजांकडून आली म्हणून तिथनं सुरू करतो. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्यानं लायसन आलं, पण परीक्षा नाही, पाच शिलिंग भरा आणि कागद घेऊन जा. अशी तीस वर्षं गेली, रस्त्यावर माणसं मरायला लागली, मग १९३४ च्या कायद्यानं टेस्ट आणली आणि १ जून १९३५ पासून ती सक्तीची झाली. सगळ्यांना नाही हां, १ एप्रिल १९३४ नंतर गाडी चालवायला लागलेल्यांनाच. त्याआधीचे सगळे माफ. आता गंमत बघा, टेस्ट घ्यायला परीक्षक पाहिजे होते, साधारण ३४ हजार अर्ज आले आणि त्यातून अडीचशेच्या आसपास माणसं निवडली. नवशिका माणूस तर कोणी परीक्षक म्हणून घेणार नाही, म्हणजे हे बहुतेक जण आधीपासून गाडी हाणणारेच असणार, म्हणजे ज्यांना कायद्यानं टेस्ट लागूच नव्हती त्यांनीच दुसऱ्यांची टेस्ट घ्यायला सुरुवात केली! पहिली पिढी अशीच असते म्हणा, पहिल्या न्हाव्याचे केस कोणी कापले असं विचारण्यासारखं आहे ते. टेस्ट सेंटर पण नव्हती सुरुवातीला, परीक्षक रेल्वे स्टेशनवर नाहीतर पोस्टाबाहेर भेटायचा आणि तिथनं गाडी निघायची.

परीक्षक निदान निवडून तरी घेतले होते, शिकवणाऱ्यांकडे मात्र कोणाचंच लक्ष नव्हतं. १९३५ ला टेस्ट आली पण मास्तरांची नोंदणी सुरू व्हायला १९६४ उजाडलं, ती पण ऐच्छिक, आणि सक्ती झाली १९७० ला. म्हणजे पस्तीस वर्षं कोणीही पाटी लावून शिकवू शकत होता. पण एकदा मनावर घेतल्यावर त्यांनी ते नीट केलं हे मान्य करायला पाहिजे. आज तिथं शिकाऊ माणसाला टेस्टमध्ये १५ पर्यंत किरकोळ चुका चालतात, मास्तर व्हायचं असेल तर तासाभराच्या टेस्टमध्ये फक्त सहा. आणि पास झालं की सुटला असंही नाही, दर चार वर्षांत निदान एकदा परीक्षक मागच्या सीटवर बसून बघतो हा शिकवतो कसा. मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट हीच. कारण चालवता येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, आमचे मास्तर चालवतात लोण्यासारखं पण शिकवताना पोरीनं समोरच्या रिक्षाकडे बघितलं तरी "कुठं बघायलास?" म्हणून असं ओरडतात की तिचा पाय ब्रेकऐवजी भलतीकडेच जातो.

आता आपल्याकडे या. देशभरासाठीचा पहिला मोटार कायदा १९१४ चा, मग १९३९ चा, आणि १९३९ च्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात टेस्टमध्ये काय काय करून दाखवायचं ते लिहिलेलं होतं. सध्याचा कायदा १९८८ चा, लागू झाला १ जुलै १९८९ ला, आणि त्याच्यासोबत आले १९८९ चे केंद्रीय नियम. यातला नियम १५ मुद्दाम वाचावा. आरसा लावून घेणं, सरळ आणि कोनात गाडी काढणं, अरुंद जागेत रिव्हर्स घेणं, चढावर थांबून गाडी मागं न जाऊ देता परत उचलणं, उतारावर पटकन खालचा गिअर टाकणं. सोलापूरसारख्या सपाट गावात चढ शोधायचा कुठं? आमच्या मास्तरांचं उत्तर ठरलेलं आहे, आसरा पूल. तिथं पुलाच्या मध्यावर गाडी थांबवायची, मागनं सिटी बस हॉर्न मारतीये, ऊन डोक्यावर, हँडब्रेक ओढलेला, हाफ क्लचवर गाडी थरथरायला लागली की हळूच हँडब्रेक सोडायचा. ज्याला हे जमलं त्याला नियम १५ जमला म्हणायचं.

ही यादी शिकणाऱ्यासाठी. मास्तरसाठीचा नियम २४, आणि तो वाचला की फरक लगेच कळतो. दहावी पास पाहिजे, गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव पाहिजे, मोटार मेकॅनिकचं सर्टिफिकेट नाहीतर त्याच्या वरचं शिक्षण पाहिजे, वाहतुकीच्या खुणा पक्क्या माहीत पाहिजेत, गाडीचे भाग दाखवून समजावता आले पाहिजेत आणि इंग्रजी किंवा तिथली भाषा यायला पाहिजे. (सोलापुरात या शेवटच्या अटीचं हसूच येतं, इथं मास्तर मराठीत सुरू करतो, तेलुगूत गिअर सांगतो आणि चिडला की कन्नडवर येतो.) गाडीला डबल कंट्रोल पाहिजे, एलची पाटी पांढऱ्यावर लाल, निदान १८ सेंटीमीटर चौरस, अक्षर १० सेंटीमीटर उंच. म्हणजे पाटीचं माप सेंटीमीटरमध्ये ठरलंय, मास्तरचं मात्र कागदावर. यात कुठंही असं नाही की मास्तरनं येऊन नियम १५ ची यादी करून दाखवावी, किंवा त्याच्यापेक्षा कडक काही द्यावं. अनुभव पाच वर्षं म्हणजे लायसन पाच वर्षं जुनं असणं, कपाटात ठेवलं तरी ते जुनं होतंच की.

ड्रायव्हिंग स्कूलचं लायसन पाच वर्षांचं असतं, नूतनीकरणाला कागद लागतात, गाडी लागते, फी लागते. मास्तरच्या हाताला, डोळ्याला आणि डोक्यातल्या नियमांना त्यात कोणी हात लावत नाही. आणि नियम तर बदलतात. रस्त्यावर गाडी कशी चालवायची याचे १९८९ चे नियम काढून २०१७ मध्ये नवीन आणले, आमच्या मास्तरांना ते आले हेच माहीत नव्हतं. त्यांना दोष देऊन काय उपयोग, कोणी बोलावून सांगितलंच नाही.

आता टेस्ट घेणारे साहेब, म्हणजे मोटार वाहन निरीक्षक. इथं मात्र लोक उगाच बोलतात असं मला वाटतं, "साहेबाला तरी येतं का चालवायला" वगैरे. कागदावर तरी त्यांची अट मास्तरपेक्षा बरीच कडक आहे. केंद्र सरकारनं १९८९ सालीच ठरवून दिलंय, दहावी, वर ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा, चांगल्या वर्कशॉपमध्ये निदान वर्षभर काम, आणि मोटारसायकलपासून जड मालवाहू आणि प्रवासी गाडीपर्यंतचं लायसन. म्हणजे ट्रकवाल्याला पास-नापास करणाऱ्याकडे ट्रकचं लायसन असायलाच पाहिजे, आणि ते लायसन टेस्ट देऊनच मिळतं. तत्त्व म्हणून बघा, परीक्षकानं शिकाऊ माणसाच्या टेस्टला उतरलं पाहिजे हे आपल्याकडे १९८९ पासूनच मान्य आहे.

पण याच अटीवरून आपल्या राज्यात चांगलाच राडा झाला. २०१७ मध्ये एमपीएससीनं सहायक मोटार वाहन निरीक्षकांच्या ८३३ जागा काढल्या. त्याच्या आधी राज्यानं भरतीचे नियम बदलून वर्कशॉपचा अनुभव आणि जड वाहनाचं लायसन नंतर, म्हणजे नोकरीला लागल्यावर परिविक्षेच्या काळात मिळवलं तरी चालेल अशी सोय करून ठेवली होती. कारण समजण्यासारखं होतं, अभ्यास करून परीक्षा देणाऱ्या पोरांकडे ट्रकचं लायसन कुठनं असणार. पण ज्यांनी वर्ष वर्ष गॅरेजमध्ये हात काळे केले होते त्यांनी विचारलं की मग आमच्या अनुभवाला काय अर्थ राहिला, प्रकरण हायकोर्टात गेलं, तिथनं सुप्रीम कोर्टापर्यंत. निवड झालेली पोरं टांगणीला लागली, त्यात माझ्या ओळखीतला एक होता, लग्न ठरलेलं आणि ऑर्डर अडकलेली, त्याच्या वडिलांचा चेहरा अजून आठवतो. मला त्या पोरांबद्दल वाईट वाटतं, पण अट आधी की नोकरी आधी असं विचाराल तर मी अट आधी म्हणेन. ट्रक न चालवलेल्या माणसाला ट्रकचा ड्रायव्हर कुठं चुकला ते दिसणार कसं? पुणे-सोलापूर-हैदराबाद आणि विजापूर असे हायवे गावाला लागून जातात, त्यात गाळपाच्या दिवसात उसाचे डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर, त्यामुळे आपल्यासाठी ही गोष्ट लांबची नाहीच.

मग २०२१ आलं आणि सगळं उलटंपालटं झालं, याच्यावर जेवढं बोलायला पाहिजे तेवढं कोणी बोलत नाही. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. हलक्या गाडीसाठी २९ तासांचा कोर्स, जास्तीत जास्त चार आठवडे, त्यातले २१ तास प्रत्यक्ष आणि आठ तास थिअरी, सिम्युलेटर, टेस्ट ट्रॅक, छोट्या गाड्यांसाठी निदान एक एकर जागा आणि मोठ्या गाड्या असतील तर दोन. इथपर्यंत उत्तमच, आमच्या वेळी दहा दिवस वीस वीस मिनिटं आणि त्यातली पाच मिनिटं मास्तरांचा चहा. पण पुढचं वाक्य वाचा, तिथनं पास झालेल्याला आरटीओची टेस्ट माफ. म्हणजे शिकवणारा आणि पास करणारा एकाच छपराखाली आले. आणि तिथल्या मास्तरची अट काय? बारावी पास, पाच वर्षांचा ड्रायव्हिंगचा अनुभव, नियमांची माहिती. निरीक्षकाला डिप्लोमा, वर्कशॉप आणि जड लायसन लागतं, पण त्याच्याच टेस्टची जागा घेणाऱ्या सर्टिफिकेटसाठी बारावी पुरते. १९८९ ला जे तत्त्व मान्य केलं होतं ते इथं गुपचूप सुटलं असं मला तरी दिसतं.

त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे, निरीक्षकांच्या मागं लागण्यापेक्षा आधी मास्तरांकडे बघा. शिकाऊ माणसाची टेस्ट मास्तरनं द्यायलाच पाहिजे, त्याच्यापेक्षा कमी चुकांत द्यायला पाहिजे, आणि स्कूलचं लायसन दर पाच वर्षांनी नवं होतं तेव्हाच परत द्यायला पाहिजे, वेगळा खटाटोप नको. आता तर सोपं पण झालंय. पुण्यात भोसरीला सेन्सरवाला ट्रॅक आहे, आठचा आकडा, एचचा रिव्हर्स, चढ, सगळं कॅमेरा बघतो, कडेला चाक लागलं की नोंद. तिथं ओळख नाही, साहेब नाही, वशिला नाही. त्याच ट्रॅकवर पोरगी आणि तिचा मास्तर पाठोपाठ सोडायला काय हरकत आहे?

मास्तरांना हे बोलून दाखवलं. मला वाटलं चिडतील. ते म्हणाले, आठ आणि एच डोळे झाकून काढतो, ते मोबाइलवरचं तेवढं भाचीला सांग शिकवायला. आता रोज संध्याकाळी येतात, शेंगाचटणी-भाकरी होते आणि पोरगी त्यांना खुणा विचारते. परवा तेरा आले बरोबर. गोल चौकाचा परत चुकला.