मुंबई–लंडन: अंतर तेच, तास वेगळे

15 ऑक्टोबर 1932. कराचीहून मुंबईकडे निघालेलं जेआरडी टाटांचं छोटं पस मॉथ विमान पेट्रोल भरायला अहमदाबादला उतरलं, तेव्हा पेट्रोलचे डबे आले ते बैलगाडीतून. विमानात प्रवासी नव्हते, टपाल होतं. इंग्लंडहून कराचीला आलेली पत्रं जुहूला पोचवण्याचं काम त्या दिवशी विमानाने सुरू झालं.

लंडनहून कराचीपर्यंतचा मार्ग इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने 1929 मध्येच उघडला होता. विमानमार्ग म्हणायचं, पण लंडनहून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत विमान, तिथून इटलीतल्या जिनोआपर्यंत चक्क आगगाडी, मग भूमध्य समुद्रावरून पाण्यावर उतरणारं विमान आणि इजिप्तपासून पुन्हा जमिनीवरचं. एवढं करून सात दिवस लागत. तरी बोटीपेक्षा कितीतरी बरं.

मुंबई ते लंडन हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर. ते तेव्हाही तेवढंच होतं. वेळ घटला त्याचं श्रेय आपण विमानाच्या वेगाला देतो; माझ्या मते त्यातला मोठा वाटा टळलेल्या थांब्यांचा आहे. 8 जून 1948 च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून निघालं, तेव्हा कैरो आणि जिनिव्हा असे दोनच थांबे होते. विमान पंख्याचं, वेग ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. आठवड्यातून एकच फेरी.

1960 मध्ये बोइंग 707 हे जेट विमान आलं आणि वेग ताशी नऊशेच्या घरात गेला. गंमत म्हणजे तो तिथेच थांबला. आजचं नवं ड्रीमलायनरही जवळपास त्याच वेगाने उडतं. मधल्या काळात कॉन्कॉर्डने 1976 साली लंडनहून बहरीनपर्यंत प्रवासी नेले, पण आवाजापेक्षा वेगवान विमानं परवडली नाहीत. फरक पडला तो न थांबता जाण्याने.

आता जाताना साधारण साडेनऊ ते साडेदहा तास लागतात, येताना त्याहून थोडे कमी, कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. तिकिटावरच्या वेळा बघून मात्र उलटंच वाटतं. लंडनचं घड्याळ हिवाळ्यात साडेपाच आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे, त्यामुळे सकाळी निघालेला माणूस दुपारीच पोचलेला दिसतो आणि घरच्यांना वाटतं, एवढ्यात?

हे तास आता यंत्रापेक्षा नकाशावर जास्त ठरतात. पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून धरली तर ती अरबी समुद्र, बलुचिस्तान, इराण, कॉकेशस, काळा समुद्र, युक्रेन अशी जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये नागरी विमानांना बंद झालं, पाकिस्तानचं एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना. वळसा घालावा लागला की मिनिटं वाढतात, इंधनही. कधी वळसाही पुरत नाही: 13 जून 2025 ला मुंबईहून लंडनला निघालेलं एक विमान सुमारे तीन तास उडून परत मुंबईलाच उतरलं. त्या दिवशी इराणचं आकाश बंद झालं होतं.