आफ्रिकेच्या केबल एकाच दिवशी कशा तुटतात?

आफ्रिकेला वेढा घालणाऱ्या ‘टूआफ्रिका’ या समुद्राखालच्या केबलची बातमी आली की आकडेच डोळ्यांत भरतात. लांबी ४५ हजार किलोमीटर, म्हणजे विषुववृत्ताहून जास्त. देश ३३. आत काचतंतूंच्या १६ जोड्या. आणि एक फाटा थेट मुंबईला. मग ‘आफ्रिकेचं इंटरनेट आता सुसाट’ वगैरे मथळे ओघानेच येतात.

मला मात्र १४ मार्च २०२४ हा दिवस आठवतो. आयव्हरी कोस्टच्या अबिदजान शहरासमोर त्या दिवशी वॅक्स, मेनवन, एस आणि सॅट-३ अशा चार केबल निकामी झाल्या आणि पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक देशांचं इंटरनेट कोलमडलं. या चार केबल वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वेळी टाकलेल्या. तरी एकदम कशा गेल्या?

खंडाखंडांमधलं इंटरनेट उपग्रहांवरून चालतं असं आजही पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त डेटा समुद्रतळावरच्या केबलमधून जातो, आणि खोल समुद्रात तिची जाडी असते जेमतेम दोन सेंटिमीटर. जगभरातले बहुतेक बिघाड किनाऱ्याजवळ, जहाजांच्या नांगरांनी आणि मासेमारीच्या जाळ्यांनी होतात. शार्क केबल कुरतडतात ही गोष्ट सांगायला रंजक आहे, पण बिघाडांच्या हिशेबात तिला जवळपास जागा नाही. केबल तुटली रे तुटली की घातपाताच्या कहाण्या फिरतात, त्यांचंही बहुतेकदा तेच.

पण दोन-चार हजार मीटर खोलीवर नांगर पोचतच नाही. तिथे गुन्हेगार असतो गाळ.

कांगो नदीचं मुख जरा विचित्र आहे. गंगेसारखा त्रिभुज प्रदेश तिथे नाही. उलट समुद्रातली एक खोल दरी थेट नदीच्या मुखाच्या आत घुसली आहे. नदी आणते तो गाळ या दरीच्या तोंडाशी साठत जातो. कधीतरी तो ढासळतो आणि पाण्यात मिसळतो. गढूळ पाणी आजूबाजूच्या स्वच्छ पाण्यापेक्षा जड, म्हणून ते उतारावरून खाली धावतं. धावताना उठणारे भोवरे गाळाला खाली बसू देत नाहीत, आणि तळही खरवडून काढतात. खरवडलेला गाळ लोंढ्यात मिसळला की लोंढा आणखी जड होतो. जड झाला की आणखी वेगाने धावतो, आणि वेग वाढला की आणखी खरवडतो. डोंगरावरून घरंगळणारा दगड पायथ्याशी थांबतो. हा लोंढा मात्र स्वतःच स्वतःला खाऊ घालत शेकडो किलोमीटर जातो.

हे कळलं तेही केबलमुळेच. १९२९ साली कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळ भूकंप झाला. जवळच्या तारायंत्राच्या केबल तत्क्षणी तुटल्या, पण उताराखालच्या केबल एकेक करत पुढचे १३ तास तुटत राहिल्या. भूकंपाचा हादरा इतका रेंगाळत नाही. हिझन आणि युइंग या समुद्रतळाच्या अभ्यासकांनी १९५२ मध्ये या तुटण्याच्या वेळा मांडल्या आणि उतारावरून धावणारा लोंढा उघडा पाडला.

कांगोच्या दरीत जानेवारी २०२० मध्ये असाच लोंढा सुटला. त्याआधीच्या डिसेंबरात नदीला मोठा पूर आला होता. दरीत दोरांना बांधलेली शास्त्रज्ञांची उपकरणं होती. लोंढ्याने दोर तोडले, उपकरणं वर तरंगली, आणि कोणतं कधी सुटलं यावरून वेग निघाला: सुरुवातीला सेकंदाला ५.२ मीटर, पुढे ८ मीटर. लोंढा ११०० किलोमीटरहून जास्त धावला, वाटेत सॅट-३ आणि वॅक्स तुटल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये पुन्हा याच दोन! अबिदजानसमोरही अशीच एक दरी आहे, त्यामुळे २०२४ च्या घटनेतही संशय तळाच्या हालचालीवरच गेला.

म्हणून नवीन केबलची क्षमता किती टेराबिट, यापेक्षा ती दरी कुठे ओलांडते हे मी आधी बघतो. २०२० च्या लोंढ्याने सगळीकडे सारखं खरवडलं नव्हतं. काही पट्टे बरेच शाबूत राहिले. केबल तिथून न्यावी. शिवाय चार केबल एकाच वाटेने गेल्या तर त्या चार असून नसल्यासारख्याच. २०२४ मध्ये गूगलची इक्वियानो ही केबल वाचली आणि डेटाची बरीच वाहतूक तिच्याकडे वळवता आली.

वाट निवडायची सोय सगळ्यांनाच नसते. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा किनारा जेमतेम ४० किलोमीटरचा, तोही नदीच्या मुखाशीच. वॅक्स तिथे किनाऱ्याला लागते ते ठाणं मुआंडाला, दरीच्या शेजारी. अशा देशाला, किंवा ज्यांना किनाराच नाही अशा १६ देशांना, जमिनीवरचे फायबर लागतात. केनियातल्या मोम्बासाला उतरलेल्या केबलचा डेटा नैरोबी, कंपाला करत रवांडातल्या किगालीपर्यंत असाच पोचतो. या तारांना गाळाची भीती नाही, पण रस्ता खोदणाऱ्या जेसीबीची आहे. तुटली तरी दुरुस्ती गाडीने जाऊन होते. समुद्रात तसं नाही: २०२३ मध्ये वॅक्स जोडायला केपटाऊनहून ‘लेओं तेवनां’ हे जहाज निघालं होतं, आणि केबल पुन्हा सुरू व्हायला साधारण महिना लागला.