पुण्य 985 वर का अडतं?

ऑनलाइन फँटसी गेममध्ये जो दुष्ट पात्र निवडतो त्याच्या मनातच काहीतरी काळंबेरं असतं, हा समज अजून टिकून आहे. 1980च्या दशकात अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायचा फँटसी खेळ खेळणारी मुलं सैतानाच्या नादी लागतात असा गदारोळ उठला होता. पुरावा तेव्हाही नव्हता, निव्वळ अंधश्रद्धा होती.

1974 साली आलेल्या या खेळात सुरुवातीला नियमनिष्ठ, तटस्थ आणि बेबंद असे पात्राच्या स्वभावाचे तीनच कल होते. पुढे त्यांना चांगलं-वाईट हा दुसरा अक्ष जोडला गेला आणि तीन गुणिले तीन, नऊ घरं झाली. टेबलाभोवती खेळताना निवाडा करायला माणूस असतो. संगणकाला मात्र पात्र किती चांगलं, किती वाईट हे ठरवायला आकडा लागतो. 1990च्या दशकातल्या अनेक ‘मड’मध्ये, म्हणजे चित्रांऐवजी नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या ऑनलाइन गेम्समध्ये, हा आकडा उणे 1000 ते अधिक 1000 असे. 350च्या वर चांगला, उणे 350च्या खाली दुष्ट.

आता 1993च्या ‘सर्कलमड’ या अशाच एका मडमधलं सूत्र बघा. मला ते विलक्षण सुंदर वाटतं. तुम्ही ज्याला मारता त्याच्या आकड्याचं चिन्ह उलटं करायचं आणि तुमच्या आकड्यापासून तिथपर्यंतचं जे अंतर असेल, त्याच्या एक-सोळांश सरकायचं. शून्यावरचा खेळाडू उणे 1000चा राक्षस मारतो: 1000 भागिले 16, म्हणजे 62. (अपूर्णांक टाकून द्यायचा.) पुढच्या राक्षसाला उरलेल्या 938चा सोळावा भाग, 58. सातव्या राक्षसाला तो ‘चांगला’ ठरतो, अकराव्याला 500 ओलांडतो, बाविसाव्याला 750. सुरुवातीला दर अकरा राक्षसांमागे उरलेलं अंतर जवळपास निम्मं होतं, किरणोत्सारी पदार्थाच्या अर्धायुष्यासारखं. आणि 985 वर गाडी कायमची थांबते, कारण उरलेल्या 15ला 16ने भागून पूर्णांकात शून्यच येतं!

घसरण मात्र वेगळी. 985 वरच्या या पुण्यवानाने 1000चा एक सज्जन मारला, की लक्ष्य होतं उणे 1000 आणि अंतर 1985. एका फटक्यात 124 गेले. ते भरून काढायला 42 राक्षस मारावे लागतात. मी कागदावर एकेक पायरी मोजली आहे. एवढंच काय, शून्य आकड्याचा निरुपद्रवी उंदीर मारला तरी 61 जातात.

या सूत्राला हेतू कळत नाही. लुटीसाठी राक्षस मारणारा दरोडेखोरही संत ठरतो. म्हणून खरे रोलप्ले करणारे, म्हणजे पात्राची भूमिका जगणारे, आकड्यावर विसंबत नाहीत. नियमनिष्ठ दुष्ट सरदार दिलेला शब्द अक्षरशः पाळतो आणि त्याच शब्दात समोरच्याला अडकवतो. बेबंद सज्जन कैद्याला सोडवण्यासाठी बेधडक कायदा मोडतो. आणि असा खलनायक रंगवायला समोरच्या खेळाडूची साथ लागते. म्हणून जाणते खेळाडू पात्राबाहेरच्या, म्हणजे खेळाडू म्हणून बोलायच्या, चॅनलवर आधी विचारून घेतात: तुझ्या पात्राला मी फसवणार आहे, चालेल ना? तिकडून होकार आला की मगच विश्वासघात सुरू होतो.