खांद्यातला ‘टिअर’ आणि द्राक्षाचा मांडव

तासगाव-पलूसच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे दोन-तीन महिने माणसं मांडवाखाली मान वर आणि हात डोक्याच्याही वर करून उभी असतात, फूट काढायची, काड्या बांधायच्या, मग डिपिंग (घड औषधात बुडवणं), मग घडांची विरळणी, आणि हे सगळं आटपत आलं की एकेकाचा खांदा कुरकुर करायला लागतो. कामाच्या भरात फार कळत नाही. रात्री त्या कुशीवर वळलं की मात्र ठणका लागतो, पदर मागं टाकताना, शर्टाच्या बाहीत हात घालताना, एसटीत वरची दांडी धरताना कळ येते. कुणी म्हणतं वात आहे, कुणी म्हणतं शीर धरलीय, आणि बऱ्याचदा ते असतं रोटेटर कफचं दुखणं.

खांद्याची रचनाच जरा विचित्र आहे. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा मोठा, आणि फऱ्याच्या ज्या खोबणीत तो बसतो ती एकदम उथळ, बशीत लिंबू ठेवल्यासारखी. म्हणून तर हात सगळीकडं फिरतो. पण फिरताना तो गोळा जागेवर दाबून धरायचं काम चार स्नायू करतात, सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस, आणि त्यांचे टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे दोर, गोळ्याभोवती एकत्र चिकटून जो पट्टा होतो तो रोटेटर कफ. यातला सगळ्यात जास्त मार खातो तो सुप्रास्पायनेटस, कारण तो वरच्या हाडाच्या टोकाखालून, अगदी चिंचोळ्या जागेतून येतो.

डॉ. चार्ल्स नीअर या अमेरिकन सर्जननी १९७२ मध्ये मांडलं की हात वर केला की हे वरचं हाड टेंडनला घासतं, म्हणून ते थोडं तासावं. पटण्यासारखंच होतं, त्यामुळं जगभर कित्येक वर्षं हाडं तासली गेली. मग २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधली एक चाचणी छापून आली, त्यात काही पेशंटचं हाड खरंच तासलं आणि काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घालून बघून बाहेर काढली, आणि दोन्ही गटांत दुखणं जवळपास सारखंच कमी झालं! आता असं समजतात की नुसत्या घासण्यापेक्षा वय, झेपण्याबाहेरचा भार, डायबेटीस आणि विडी-सिगारेट यांनी टेंडन आतूनच झिजत जातो.

आता मुद्द्याचं. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, मिशन हॉस्पिटलच १८९४ पासूनचं आहे, त्यामुळं एमआरआय लगेच होतो आणि रिपोर्टात ‘टिअर’, म्हणजे टेंडनला फाट, दिसलं की घरातले सगळे हबकतात. पण १९९५ च्या एका अमेरिकन अभ्यासात खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ लोकांचे एमआरआय काढले होते, तर साठीच्या पुढच्यांत ५४ टक्के लोकांच्या कफला थोडी ना थोडी फाट निघाली. म्हणजे साठीच्या माणसाच्या रिपोर्टात फाट दिसली म्हणून दुखणं त्याच्यामुळंच आहे असं काही नाही, आणि ती शिवलीच पाहिजे असंही नाही. माझ्या मते रिपोर्टाआधी हात तपासणारा डॉक्टर गाठावा. स्वतःहून हात वर जात नाही पण डॉक्टरनी उचलला की जातो, तर कफ अशक्त आहे किंवा फाटलाय, आणि दुसऱ्यानी उचलूनही अडतो, बाहेरच्या बाजूला तर वळतच नाही, तर तो बहुतेक फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, जो शुगरवाल्यांना जास्त होतो आणि त्याची वाट वेगळी आहे.

हळूहळू झिजून पडलेल्या फाटीला पहिला इलाज व्यायाम. अमेरिकेत आरपार फाट असलेल्या, पण कुठं पडले-धडपडले नव्हते अशा ४५२ जणांना फिजिओथेरपी दिली, दोन वर्षांत त्यातल्या चौथा हिस्सासुद्धा लोकांनी ऑपरेशन करून घेतलं नाही. व्यायामानं फाट शिवली जात नाही बरं का, उरलेले स्नायू आणि फऱ्याभोवतीचे स्नायू ते काम उचलतात. कोपर बरगडीला चिकटवून रबर बँड बाहेर ओढायचा (सायकलची जुनी ट्यूबही चालते), बोटांनी भिंत चढायची, असलं साधंच असतं, पण रोज आणि निदान सहा ते बारा आठवडे. लोक दहा दिवस करतात आणि गुण नाही म्हणून सोडतात. करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशीपर्यंत ठणकत राहिलं तर जोर कमी करायचा. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, त्या काळात व्यायाम रेटून घ्यावा, पण सारखी सारखी घेऊ नयेत, टेंडन कमजोर होतो आणि शुगर काही दिवस वर जाते.

बागेत हात खांद्याच्या वर जितका कमी जाईल तितकं बरं, म्हणून पायाखाली रुंद, न हलणारा पाट घ्यावा. उलटा क्रेट नको, त्यावरून घसरून हातावर पडणं म्हणजे खरी फाट.

आणि ही पडून झालेली फाट वेगळी. काल हात वर जात होता, मोटरसायकलवरून पडलात आणि आज जातच नाही, तर नुसतं चोळत बसू नका, काही आठवड्यांच्या आत ऑर्थोपेडिककडं जा, कारण टेंडन तुटून आत ओढला जातो, स्नायूत चरबी भरते आणि ती चरबी नंतर शिवूनही जात नाही. हे ऑपरेशन बहुतेक दुर्बिणीनं होतं, हाडात अँकर बसवून टेंडन परत टाचतात. नंतर चार ते सहा आठवडे हात स्लिंगमध्ये (गळ्यातल्या झोळीत) आणि अंगमेहनतीचं काम साधारण सहा महिन्यांनी. तेव्हा घाई नसलेलं ऑपरेशन असेल तर डॉक्टरला आपलं बागेचं वेळापत्रक सांगूनच तारीख घ्या, मार्चमध्ये माल उतरल्यावर केलं तर एप्रिलची खरड छाटणी मजुरांवर सोडावी लागेल पण ऑक्टोबर सापडेल, जूनमध्ये केलं तर ऑक्टोबरही गेला असं धरा.