दारापाशी खिळलेले पाय

रात्रीचे दोन वाजलेत. खालच्या मजल्यावर काहीतरी पडल्याचा आवाज होतो. आई अंथरुणातून उठते, खोलीबाहेर येते आणि बोळाच्या मधोमध थांबते. समोरच्या दाराची मूठ सावकाश खाली जाते, पुन्हा वर येते. मुलं मागच्या खोलीत झोपली आहेत, फोन चार पावलांवर आहे, आणि ती बाई जागची हलत नाही. एक सेकंद, दोन, पाच. थिएटरातून कोणीतरी ओरडतं, ‘अगं, पळ ना!’

घरात घुसखोर शिरतात आणि एक कुटुंब आतच अडकतं, अशा धाटणीच्या थरारपटांत हा प्रसंग हटकून असतो. आणि चित्रपट संपल्यावर लोक त्यालाच नावं ठेवतात. असं कोणी उभं राहतं का, आपण असतो तर केव्हाच मुलांना घेऊन पळालो असतो, वगैरे. मला मात्र अख्ख्या चित्रपटातला सगळ्यात खरा क्षण तोच वाटतो. पुढच्या मारामारीवर हव्या तेवढ्या शंका घ्या, पण बोळातले ते पाच सेकंद शरीरशास्त्राच्या हिशेबात चोख बसतात.

भीतीबद्दल शाळेपासून आपल्या कानावर पडलेलं सूत्र म्हणजे ‘लढा किंवा पळा’. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी ही कल्पना मांडली. त्यांचं भीती, भूक, वेदना आणि संताप यांवरचं पुस्तक १९१५ साली आलं. संकटात ॲड्रेनालिन रक्तात उतरतं, हृदय धावू लागतं, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवलं. ते सगळं आजही खरं आहे. पण लढण्या-पळण्याच्या आधीची एक पायरी त्या सूत्रातून निसटते. आपल्या भाषेतून ती निसटलेली नाही. पाय जमिनीला खिळले, जागच्या जागी थिजला, पुतळ्यासारखी उभी राहिली, या शब्दप्रयोगांमध्ये कोणी लढत नाही आणि कोणी पळतही नाही.

थिजलेलं शरीर सुस्त असतं असा आपला समज असतो. तसं नसतं. स्नायू ताठ झालेले असतात, बाहुल्या विस्फारलेल्या असतात, आणि याच वेळी हृदयाची गती चक्क मंदावते. शरीराला चेतवणारी आणि शरीराला शांत करणारी, अशा दोन्ही चेतासंस्था एकदम कामाला लागलेल्या असतात आणि काही क्षण दुसरीची सरशी झालेली असते. धनुष्याची दोरी कानापर्यंत ओढलेली आहे आणि बाण अजून सुटलेला नाही, अशी ही अवस्था.

नेदरलँड्समधल्या मानसशास्त्रज्ञ कारिन रुलॉफ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजून पाहिली. आपण कितीही स्थिर उभे राहिलो तरी शरीर किंचित डुलत असतं. त्यांनी लोकांना एका संवेदनशील फळीवर उभं केलं आणि वेगवेगळ्या हावभावांचे चेहरे दाखवले. रागावलेले चेहरे समोर आले की डुलणं कमी व्हायचं आणि हृदयाचे ठोकेही मंदावायचे. २०१० साली हे प्रसिद्ध झालं. नुसता चित्रातला रागीट चेहरा! मग बंद दाराची मूठ आपोआप हलताना दिसली तर काय होत असेल, याची कल्पना करता येते.

हे कशासाठी? एक कारण जुनं आहे. शिकारी प्राण्याच्या नजरेला हालचाल लगेच टिपता येते, तेव्हा न हलणारा वाचण्याची शक्यता वाढते. दुसरं कारण मला जास्त मोलाचं वाटतं. थिजलेल्या क्षणी मेंदू माहिती गोळा करत असतो. त्याच संशोधकांच्या गटाला पुढे असं आढळलं की धोक्याच्या चाहुलीने थिजलेल्या माणसांना ठोकळ आकार अधिक चांगले ओळखता येतात, बारीक तपशील मात्र कमी. अंधाऱ्या बोळात हाच सौदा फायद्याचा आहे. घुसखोराच्या शर्टाची नक्षी दिसून उपयोग नाही. तिथे माणूस आहे की खुंटीवरचा कोट, हे आधी कळायला हवं.

आता थोडं पटकथेकडे वळू. या चित्रपटांची बांधणी पाहा. आधी फाटकाबाहेर एक अनोळखी गाडी. मग अंगणात सावली. मग दारावर थाप, मग खिडकीची काच, मग जिन्यावर पावलं आणि शेवटी कपाटाच्या फटीतून दिसणारे बूट. कथा पुढे सरकते म्हणजे अंतर कमी होतं, बाकी फारसं काही घडत नाही. आणि मेंदूसाठी अंतर हीच भीतीची खरी मोजपट्टी आहे.

डीन मॉब्स आणि त्यांच्या लंडनमधल्या सहकाऱ्यांनी २००७ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्वयंसेवक मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपून पडद्यावर एक खेळ खेळत होते. चक्रव्यूहासारख्या वाटा, त्यात आपली एक छोटी आकृती आणि तिच्या मागे लागलेला एक शिकारी. त्याने गाठलं की हाताला विजेचा बोचरा झटका बसायचा, आणि तो झटका खराखुरा होता. शिकारी लांब असताना कपाळामागचा भाग, म्हणजे प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा खालचा पट्टा, जास्त सक्रिय होता. कुठून जावं, कुठे वळावं, याचा विचार इथे चालतो. शिकारी जवळ येऊ लागला तसं मेंदूतलं काम तिथून सरकत सरकत खोल, मध्यमेंदूतल्या पेरिॲक्विडक्टल ग्रे नावाच्या एका जुन्या भागाकडे गेलं. हा भाग उंदरातही आहे, मांजरातही आहे. थिजणं, उसळी मारून पळणं, निकराने चावणं, यांच्या कळा तिथे आहेत.

म्हणून घर हे भीतीच्या अभ्यासासाठी इतकं नेमकं ठिकाण आहे. बाहेर मैदानावर माणूस अंतर वाढवू शकतो. घरात भिंती आहेत, एकच जिना आहे, आणि सगळ्यात लहान मूल सगळ्यात आतल्या खोलीत आहे. ते चक्रव्यूहाचं चित्र आणि घराचा नकाशा यांत फरक तो कितीसा?

कपाळामागच्या भागाची पकड अशी सुटली की काय होतं, तेही या चित्रपटांत दिसतं. किल्ली कुलपात जात नाही, रोज उघडला जाणारा फोन उघडत नाही, तिजोरीचा क्रमांक आठवत नाही. येल विद्यापीठाच्या एमी आर्नस्टन यांनी हे अनेक वर्षं अभ्यासलं आहे. तीव्र ताणात नॉरॲड्रेनालिन आणि डोपामिन या मेंदूतल्या रसायनांचा लोट आला की प्रीफ्रंटल कॉर्टेक्समधल्या पेशींची जाळी काही काळ दुबळी पडतात. माहिती मनात धरून ठेवून तिच्यावर काम करणं हेच नेमकं त्यांचं काम. सवयीने होणाऱ्या गोष्टी त्यातल्या त्यात टिकतात, आठवून करायच्या गोष्टी कोलमडतात. संकटात काय करायचं याची घरात एकदा दोनदा प्रत्यक्ष तालीम करून ठेवावी असं म्हणतात, त्याचं मूळ इथे आहे.

बाकीची लक्षणं मराठीने कधीच नोंदवून ठेवली आहेत. लाळ आटते आणि तोंडचं पाणी पळतं, आतड्यांचा रक्तपुरवठा आखडतो आणि पोटात गोळा येतो, केसांच्या मुळाशी असलेले चिमुकले स्नायू आवळले जातात आणि अंगावर काटा येतो. रक्त गोठण्याची तर नेदरलँड्समध्ये खरंच तपासणी झाली. २०१५ साली लायडनच्या डॉक्टरांनी २४ निरोगी तरुण स्वयंसेवकांना एक भयपट आणि एक माहितीपट दाखवून आधी आणि नंतर रक्त तपासलं. भयपटानंतर रक्त साकळायला मदत करणाऱ्या ‘फॅक्टर ८’ या प्रथिनाचं प्रमाण वाढलेलं आढळलं. प्रत्यक्ष गुठळी मात्र झाली नव्हती. जखम होण्याची शक्यता दिसताच शरीर मलमपट्टीचं सामान काढून ठेवतं, असा त्याचा अर्थ लावता येतो.

पण घरच का? रस्त्यावर, जंगलात, रिकाम्या इमारतीतही धोका असतो. तरी स्वतःच्या बोळातली सावली जास्त भेदरवते. याचं एक सुंदर स्पष्टीकरण झोपेच्या अभ्यासातून मिळतं. नव्या जागी पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही, हा सगळ्यांचा अनुभव. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात मासाको तामाकी आणि युका सासाकी यांनी २०१६ साली दाखवलं की त्या पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. उजव्या कानात, म्हणजे मुख्यतः डाव्या मेंदूकडे, वेगळा आवाज सोडला तर झोपलेली माणसं अधिक लवकर जागी होत. काही दिवसांनी त्याच जागी दुसऱ्यांदा झोपल्यावर हा फरक उरला नाही. डॉल्फिन आणि काही पक्षी अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात. माणसात त्याची ही पुसट खूण असावी.

म्हणजे घर ही अशी जागा, जिथे मेंदूने पहारेकऱ्याला सुट्टी दिलेली असते. घुसखोर कुलूप तोडतो, आणि त्यासोबत ही सुट्टीही मोडतो. ज्यांच्या घरी खरोखर चोरी झाली आहे, ती माणसं वस्तू गेल्यापेक्षा ‘आता घरात झोप लागत नाही’ हे जास्त बोलतात, त्याचं मला या प्रयोगानंतर नवल वाटेनासं झालं.

दिग्दर्शक मग दिवे घालवतो. तोही नुसता अंधार नसतो. अचानक मोठा आवाज झाला की आपण दचकतो. पापण्या सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आतच मिटायला लागतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया आधीच्या भीतीने आणखी जोरदार होते. क्रिस्टियन ग्रियाँ यांच्या प्रयोगांत १९९७ साली दिसलं की उजेडापेक्षा अंधारात माणसं जास्त जोराने दचकतात. उंदरांत हे नेमकं उलट आहे: निशाचर असल्यामुळे त्यांना लख्ख उजेड घाबरवतो. प्रत्येक प्राण्याची भीती त्याच्या पूर्वजांच्या दिनक्रमाप्रमाणे घडली आहे, हे या छोट्या तुलनेतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कशातून दिसतं. जिन्यावरच्या पावलांबद्दलही असंच आहे. जॉन न्यूहॉफ यांनी १९९८ साली दाखवलं की वाढत जाणारा आवाज आणि तेवढ्याच प्रमाणात घटणारा आवाज यांत माणसाला वाढणाऱ्यातला बदल जास्त वाटतो. जवळ येणारी पावलं कान मुद्दाम मोठी करून ऐकतो. चुकायचंच असेल तर सावधपणाच्या बाजूने चुकलेलं परवडतं.

कुटुंब कपाटात दडून बसतं, तेव्हा बहुतेक वेळा कॅमेरा हातांवर जातो. आईची बोटं मुलाच्या मनगटाभोवती आवळलेली. हा भावुकपणा नाही. जेम्स कोन यांनी २००६ साली १६ विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये विजेच्या झटक्याची धास्ती दाखवली. एकटीने, अनोळखी माणसाचा हात धरून आणि नवऱ्याचा हात धरून अशा तिन्ही परी तपासल्या. नवऱ्याच्या हाताने धोक्याला मिळणारा मेंदूचा प्रतिसाद सगळ्यात जास्त शमला, आणि नातं जितकं समाधानाचं तितका तो अधिक शमला. मुलांचंही तसंच. डिलन जी आणि निम टॉटनहॅम यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात नुसता आईचा फोटो पाहूनही लहान मुलांच्या अमिग्डालाची, म्हणजे धोका ओळखणाऱ्या त्या बदामाएवढ्या भागाची, हालचाल घटली. किशोरवयीनांत तसं झालं नाही. चित्रपटातला पंधरा वर्षांचा मुलगा कपाटातून बाहेर पडायची घाई करतो आणि सहा वर्षांची मुलगी आईला बिलगून शांत राहते, तेव्हा मला हे आठवतं.

‘पळ ना!’ या ओरडण्याचा मला राग येतो, त्याला एक कारण आहे. पडद्यावर ते निरुपद्रवी असतं. पण हाच प्रश्न खऱ्या हल्ल्यातून वाचलेल्यांना विचारला जातो: ओरडली का नाहीस, पळाली का नाहीस, प्रतिकार का केला नाहीस? सुटकेची वाटच उरली नाही की थिजण्याच्याही पुढची एक अवस्था येऊ शकते. शरीर लुळं किंवा ताठ पडतं, आवाज फुटत नाही, शुद्ध मात्र असते. स्वीडनमध्ये बलात्कारानंतर महिनाभराच्या आत रुग्णालयात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ७० टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी ही अवस्था ठळकपणे अनुभवली होती. ज्यांनी ती अनुभवली त्यांना पुढे आघातोत्तर ताणाचा विकार आणि तीव्र नैराश्य होण्याचं प्रमाणही जास्त होतं. त्या वेळी शरीराने जे केलं ते त्यांनी ठरवून केलेलं नव्हतं, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं. न्यायालयातही, घरातही.

आणि प्रेक्षक? ते तरी कुठे हलतात? जर्मनीतल्या माइन्झ इथे जोनाथन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी चित्रपटगृहातून बाहेर जाणारी हवा तपासली. १६ चित्रपट, १०८ खेळ, सुमारे ९,५०० प्रेक्षक. रहस्याच्या आणि थराराच्या प्रसंगांना हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि आयसोप्रीन नावाचं रसायन दर वेळी त्याच जागी उसळी घेत होते. स्नायू आवळले-सैलावले की साठलेलं आयसोप्रीन श्वासातून बाहेर पडतं. दाराची मूठ फिरते तेव्हा शेकडो माणसं खुर्चीत एकाच वेळी आखडतात, आणि ‘पळ ना’ म्हणणाऱ्याचे पायही त्याच क्षणी खुर्चीखाली आवळलेले असतात.

चित्रपट संपतो. ॲड्रेनालिन काही मिनिटांत ओसरतं, पण कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक सावकाश चढतं; ताणाच्या क्षणानंतर साधारण २० ते ३० मिनिटांनी ते शिखरावर असतं. तोवर आपण घरी पोचलेलो असतो. दिवा मालवतो, कुलूप पुन्हा एकदा ओढून पाहतो. फ्रिज आपसूक बंद होतो आणि त्या खट्‌ आवाजाने, रोज हजारदा ऐकलेल्या, आपण बोळाच्या मधोमध थांबतो.